ड्रायव्हरच्या सीटखालची हॉकी

आमच्या नोएडातल्या नव्या सोसायटीत किस्से धुण्यासारखे साठतात. एक दिवस राहिलं, की दुसऱ्या दिवशी ढीग!

पहिली गाडी घेतली आणि सीटकव्हरसाठी करोल बागेत गेलो. दुकानदाराने कव्हरांबरोबर सीटखाली ठेवायला हॉकी स्टिकही पुढे केली. "रख लो भाईसाब, सब रखते हैं।" आमचे हे सरकारी ऑफिसात. साहेबाने नुसतं बघितलं तरी उठून उभे राहतात. ह्यांनी घेतली! म्हटलं, "अहो, खेळणार कोण?" तर म्हणे, "सातवी शिकलेल्या बाईने ट्रॅफिकचं बोलू नये!"

ओमकारच्या वर्गात खेळाच्या सरांनी विचारलं, "हॉकी किस किस के पास है?" सगळ्यांचे हात वर! सर खूश. "कल ले आना।" आमचं सात वर्षांचं रत्न उठून म्हणालं, "सर, फिर पापा गाड़ी कैसे चलाएँगे?"

शेजारच्या आंटींचा बंटी अठराचा. माझ्या भाजीच्या पिशव्या रोज वर आणून द्यायचा, इतका गुणी. पार्किंगवरून त्याने गाडीतल्या हॉकीने एकाचं डोकं फोडलं. तो माणूस अजून हॉस्पिटलात, बंटी कोठडीत. भेटायला गेले तर आंटी रडत होत्या, "पता नहीं कहाँ से सीखा!" आणि आत अंकल फोनवर ओरडत होते, "जिसने मेरे बेटे का नाम लिया है ना, उसकी टाँगें तोड़ दूँगा!"

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "ती काठी आजच्या आज काढा. ओमकार बघतो सगळं." तर म्हणाले, "बंटीच्या घरचं वळणच तसं. आपल्याकडे कुणी कुणावर हात उचललाय का कधी?"

"मग ठेवलीय कशाला?"

"अगं, नुसती दाखवायला!"

शेवटी पुण्याला सासूबाईंना फोन केला. वाटलं, लेकाचे कान उपटतील. म्हणाल्या, "असू दे गं, दिल्ली आहे ती. फक्त गाडीतून उतरताना चष्मा काढून ठेव म्हणावं!"

आता बोला!

परवा रविवारी मुलांनी हॉलमध्ये खुर्च्या मांडून गाडी केली. पुढे ओमकार पप्पा, शेजारी आमची पाच वर्षांची सई, मांडीवर बाहुली. बराच वेळ नुसतं पीं-पीं चाललं होतं. अचानक ओमकारने ब्रेक मारला, खुर्चीखालून माझं लाटणं काढलं आणि खाली उतरला. समोर सोफ्यावरच्या उशीला म्हणाला, "अंधा है क्या?"

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "सई, अगं धर त्याला! थांबव!"

सई जागची हलली नाही. एका हाताने बाहुलीचे डोळे झाकून दुसरा हात हवेत गरगर फिरवत होती.

"आई उतरत नाही," ती म्हणाली. "आई काच वर करते."