पोपचं नाक रंगवणारी ओनोरा

इंग्रजांच्या राजधानीत, स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर टेबटबाईंचं चित्रांचं दुकान होतं. तिथे मी छापायचो. तांब्याचा पत्रा शेगडीवर तापवायचा, शाई भरायची, तळहाताने पुसायची, मग सगळं अंग टाकून छापयंत्राचा दांडा ओढायचा. रंग भरत त्या माळ्यावरच्या बायका. प्रत्येकीचा एकच रंग. आपला भरला की कागद पुढे. शेवटी तांबडा, तो ओनोरा गेरटीचा. दुसरीच्या वाटीत कुंचला बुडवायचा नाही, हा त्या टेबलाचा कायदा.

ओनोरा आयरिश, कॅथलिक. आणि त्या प्रोटेस्टंट शहरात आमचा खपाचा माल म्हणजे तिच्याच धर्मगुरूची, पोपची टिंगल. तेव्हाच्या चित्रात पोपने आपला मुकुट मंत्र्याच्या डोक्यावर चढवला होता आणि त्याला मांडीवर घेऊन चमच्याने भरवत होता. पोपचा तांबडा झगा आणि दारुड्यासारखं लाल नाक ओनोराकडे.

"तुला काही वाटत नाही का गं?" मी विचारलं.

"पोपला रोममध्ये काय कमी आहे? एका नाकावर माझं घर चालतंय."

खरंच चालत होतं. नवरा गोदीत पाय मोडून घरी पडला होता.

कॅथलिकांना दिलेल्या सवलती काढून घ्या म्हणून त्या वर्षी शहर तापलं होतं. आमचा मुकादम पिनक कॅथलिकविरोधकांची खूण असलेल्या निळ्या फिती घेऊन माळ्यावर आला. "लावा, आणि म्हणा, पोपशाही नको!"

बाकीच्या म्हणाल्या. ओनोराने फीत बाजूला ठेवली.

"हाताने करते ते पोटासाठी. तोंडाने म्हणणार नाही."

"मग बस घरी!"

ती गेली. पिनकने तांबडी वाटी माळ्यावरच्याच टॅबिथापुढे सरकवली.

"माझा निळा," टॅबिथा म्हणाली.

"माझा पिवळा," शेजारीण म्हणाली.

शेवटी तांबड्यावाचूनच चित्रं खिडकीत लागली. सकाळी गर्दी जमली, पण हसेना कोणी. पांढरा झगा, टक्कल, साधं नाक.

"अगंबाई, हे तर आपले पाद्रीबुवा!" मासेवाली म्हणाली. "बघा, कसं मायेने भरवतायत!"

"आपल्या पाद्रीबुवांची थट्टा?" निळ्या फितीचा एकजण ओरडला आणि त्याने दगड उचलला.

टेबटबाई कडाडल्या, "पिनक, काच फुटली तर तुझ्या पगारातून! जा, आण तिला!"

पिनक गेला. आयरिश वस्तीत शिरताना टोपी फितीसकट कोटात कोंबली, हे त्यानेच नंतर सांगितलं.

"चल," तो दारातून म्हणाला.

"फीत लावायची?"

"नको."

"तोंडाने म्हणायचं?"

"नको गं बाई, नाक रंगव!"

"आज शुक्रवार, आम्हा कॅथलिकांत मांस नाही, मासे. हेरिंग भाजतेय. जेवून येते. तुम्हीही बसा, मुकादम."

तो बसला. तिच्या नवऱ्याने आग्रह करून त्याला दोन मासे वाढले.

दुपारी ती माळ्यावर चढली. कागदांचा ढीग छातीपर्यंत आला होता. मान वर न करता तिने तो संपवला. एकही नाक रेषेबाहेर गेलं नाही. खिडकीपुढे पुन्हा हशा पिकला. माझे खांदे गेले आणि मी काम सोडलं, तेव्हाही ती त्याच जागी बसत होती. फितीचा विषय पिनकने कधी काढला नाही. शुक्रवारी मात्र त्याला तिच्याकडच्या हेरिंगची आठवण व्हायची.