जवळ्याच्या डब्यातलं पुस्तक

आज सकाळी सुक्या जवळ्याचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी थेट नववीच्या वर्गात जाऊन पोचले.

शाळेच्या लायब्ररीतली एक कादंबरी मी थळच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या जवळ्यावरून कावळे हाकलत वाचली होती. तिच्यातली मुलगी माझ्याच वयाची. तिच्या अंगणात पारिजातक होता आणि घरात कुणी मासे खात नव्हतं, तरी मला ती मीच वाटली. दुसऱ्या दिवशी पुस्तक वैदेहीकडे गेलं. तिनं ते दोन बोटांत धरलं. "शी! याला मासळीचा वास मारतोय." सगळा वर्ग हसला. बाईंनी पुस्तक खिडकीत उन्हाला ठेवलं आणि मला म्हणाल्या, "अगं, निदान हात धुऊन वाचावं."

घरी येऊन रडले तेव्हा आय म्हणाली, "वास पुस्तकान न्हाय गो, तिचे नाकान हाय." मला पटलं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी हातांना साबण चोळत राहिले.

आता माझी स्वतःची कादंबरी आलीय. तिच्यातली मुलगी जवळा राखते. मागे वैदेहीचा मेसेज आला, "आमच्या सानिकाला तुझ्या सहीची प्रत हवीय. कोळीवाडा किती खरा उतरलाय गं!"

खरा हवाय ना? आठवडाभर ती प्रत मी याच डब्यात, जवळ्यात पुरून ठेवली होती. आज काढली, झटकली, हुंगली. झकास! मग पहिल्या पानावर सही केली आणि वर लिहिलं, 'प्रिय सानिका, हात न धुता वाच.'