तुटक्या सुयांची वही

धायरीतल्या ज्या कारखान्यात मी नऊ वर्षं शिवणकाम केलं, तिथे सैन्यासाठी पॅराशूटची छत्रं शिवली जायची. मशीनची सुई तुटली की हात थांबवायचा, सगळे तुकडे शोधायचे आणि वहीत चिकटपट्टीने चिकटवायचे. तपासनीस बाईंनी ते जुळवून पाहिले की खाली सही करायची, मगच नवी सुई मिळायची. एक कण जरी कमी पडला तर रांगेचं काम बंद आणि शिवलेलं सगळं कापड पुन्हा तपासायला उजेडाच्या टेबलावर. छत्र घडी घालून, दाबून भरतात. आत राहिलेलं टोक त्या घडीत कुरतडत राहतं, आणि छत्र उघडतं तेव्हा खाली एक माणूस लटकलेला असतो.

हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या दिवशी माल जायचा होता. दुपारी माझी सुई तुटली आणि टोक सापडेना. मांडीवर नाही, पायाखाली नाही. चुंबक फिरवलं, तरी नाही. शेजारच्या मशीनवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "सावकाश शोधा हं. आमचं काय, घरी कुणी वाट बघत नाही." मागून दुसरी म्हणाली, "अहो, त्यांच्या अंबाड्यात बघा आधी." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि बाथरूमला जाऊन येते म्हटलं.

पर्समध्ये घरच्या मशीनच्या सुयांचं पाकीट होतं. त्यातली एक दाराच्या कडीत धरून मोडली. नळ सोडून ठेवला होता, तरी आवाज बाहेर गेला असं वाटून मी बराच वेळ तशीच उभी राहिले.

"सापडलं," बाहेर येऊन म्हणाले. तपासनीस बाईंनी तुकडे जुळवले. माझं टोक किंचित बारीक होतं. त्यांचा चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली घेतलाच नाही. "तुमचं काय तपासायचं, ताई," म्हणाल्या. मी सही केली. माल गेला.

आठवडाभर भीती वाटली. मग, खरं सांगते, गेली. टोक फरशीवर पडलं असेल, केरात गेलं असेल. जेवण जात होतं, झोप लागत होती.

आठ महिन्यांनी धाकट्या बहिणीचा मुलगा सैन्याच्या पॅराशूटवाल्यांत निवडला गेला. सांगायला घरी आला, बहीणही होती. पोहे खाता खाता समजावत होता की लढाईत शत्रूच्या मागे उतरवतात, एखादा पूल नाहीतर धावपट्टी ताब्यात घ्यायची आणि आपलं मोठं सैन्य पोचेपर्यंत सोडायची नाही.

"आणि उघडलंच नाही तर?" मी विचारलं.

"पोटावर दुसरं असतं की. पण लढाईत फार खालून उडी मारतात, खालच्यांना नेम धरायला वेळ मिळू नये म्हणून. तिथे दुसरं उघडायला वेळ उरेलच असं नाही." मग हसून म्हणाला, "तू कशाला घाबरतेस मावशी? तूच शिवतेस ना! मी पोरांना सांगून ठेवलंय."

"ऐकलंस ना ताई?" बहीण म्हणाली. "तुझ्या भरवशावर चाललाय."

मी त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.

प्रशिक्षणात पाच उड्या असतात. आदल्या दिवशी त्याचा मेसेज यायचा: "उद्या." उडी झाली की: "उतरलो." कारखान्यात फोन दारावरच ठेवून घेत, त्यामुळे सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला काहीच कळत नसे. पहिल्या उडीच्या दिवशी माझे टाके उडत होते. दुसऱ्या उडीच्या दिवशी सुट्टीत फोन हातात घेतला, तर मेसेज नव्हता. डबा न उघडता मी तपासनीस बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं.

या वेळी त्यांनी चष्मा खाली घेतला. वही मागे मागे उलटत गेल्या. ते पान सापडलं, चिकटपट्टी पिवळी पडली होती. त्या टोकाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग फक्त "तेव्हा मी बघायला हवं होतं" एवढं म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

तीन वाजता मी पुन्हा दारावर गेले. मेसेज आला होता: "वारा होता. उतरलो."

त्या मालातली छत्रं परत मागवली. एकेक उजेडावर धरून पाहिलं. टोक सापडलं नाही. मला कामावरून काढलं, आणि बाईंनाही. त्यांच्याकडे जायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

पाचही उड्या झाल्यावर तो छातीवर बिल्ला लावून आला. "काम का सोडलंस?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

"किती महिने गप्प होतीस?"

"अकरा."

तो बोटांवर काहीतरी मोजू लागला. "तेवढ्यात माझ्या आधीच्या दोन बॅचनी उड्या मारल्या," म्हणाला. "ओळखतो मी त्यांना." मग म्हणाला, "मावशी, मी तिथे गेलो नसतो तर सांगितलं असतंस?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हटलं.

त्याने चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि गेला. आईला त्याने काही सांगितलं नाही. तिला वाटतं, डोळ्यांच्या त्रासाने मी काम सोडलं. हे ती इथेच वाचेल.

"उद्या" असा मेसेज आता येत नाही. "उतरलो" असाही नाही. त्याच्या उड्या चालू आहेत, एवढं बहिणीकडून कळतं. पूर्वी ठरावीक सकाळीच भीती वाटायची. आता रोज सकाळी दूध तापवताना, आज त्याची उडी असेल असं धरून मी फोन जवळ घेऊन उभी असते. सीमेवर काही घडल्याची बातमी आली की गॅस बंद करायचंही भान राहत नाही.