काहूनबाईंची ढिली कांडी

आमच्या शाळेत बाई तशा चार होत्या, पण मुलींनी नाव ठेवलं ते एकीलाच. मुलगी उशिरा आली की बाकीच्या तिघी आधी छडी उचलत आणि कारण नंतर विचारत. या बाई आधी विचारत, "काहून वं?" आणि विचारून गप्प बसत. उत्तर येईपर्यंत गणित नाही, कविता नाही. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे, हे आमच्या ध्यानात यायच्या आधीच आम्ही त्यांची काहूनबाई करून टाकली होती.

बाई मूळच्या उमरेडकडच्या. लहान वयात कपाळ पांढरं झालं, तेव्हा भावानं नागपूरला आणून शिकवलं आणि मास्तरीण केलं. पुस्तक उघडं असेपर्यंत त्यांची भाषा पुस्तकातली असे; मिटलं की थेट उमरेडची. तपासणीला मडमीण आली तरी यात फरक पडत नसे. मडमिणीलाही त्यांनी एकदा विचारलं होतं, "एवढ्या उन्हात मोजे काहून घालता?"

चंद्री नावाची एक मुलगी रोज अर्धी शाळा झाल्यावर यायची. बाईंनी विचारलं, तर कळलं की तिची माय विड्या वळायला जाते आणि धाकट्या भावाला ही सांभाळते. "मंग त्याले घेऊन येत जा," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या पडवीत लुगड्याची झोळी लटकली. पोरगं रडू लागलं की बाई आम्हाला पाढे म्हणायला लावत. सातच्या पाढ्याला ते हमखास झोपायचं. मला आजही सात पक्का येतो, तो त्याच्यामुळे.

मग माझी पाळी आली. नागपुरात इतवारीच्या पलीकडे आमची कोष्ट्यांची वस्ती. बाबा मागावर लुगडी विणत आणि मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या माय रहाटावर भरून देई. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी बाळंतपणात मायनं अंथरूण धरलं आणि रहाट माझ्याकडे आला. माझी शाळा सुटली. मुलींना घरून बोलावून नेणारी शाळेची म्हातारी दोनदा येऊन परत गेली, तेव्हा बाई स्वतः आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि रहाटाकडे टक लावून पाहत राहिल्या. बाबांनी उपदेश ऐकायची तयारी ठेवली होती, तो काही झाला नाही.

"पोरीले काहून नाही पाठवत, भाऊ?"

"ते शाळेत बसली तं कांड्या कोन भरन, बाई? माग थांबला तं चूल थांबते."

बाईंनी हे नीट ऐकलं. "मंग रहाटच येऊ द्या शाळेत," त्या म्हणाल्या.

असा आमचा रहाट पडवीत, झोळीशेजारी आला. मी कांड्या भरत खिडकीतून धडा ऐकायची आणि तिथूनच ओरडून उत्तरं द्यायची. इतक्या आनंदात मी त्याआधी कधी नव्हते. मधल्या सुट्टीत मला जेवायला पिटाळून बाई रहाटावर बसत. फार हौस त्यांना. हात मात्र मुळीच वळत नव्हता.

एका दुपारी बाबा हातात कांडी घेऊन शाळेत शिरले. "काठापाशी सूत तुटून राहिलं," ते मला म्हणाले, "शिकून हेच शिकली का? चाल घरी. झाली शाळा." मी पाटी उचलली.

"काहून तुटते, भाऊ?" बाईंनी विचारलं.

"ढिली भरली म्हणून."

"ढिली काहून होते?"

बाबा वैतागले. पण कामाचं विचारलं की कोष्ट्याला गप्प राहवत नाही. ते रहाटापुढे बसले आणि सूत चिमटीत कसं दाबून धरायचं, कुठं सोडायचं, हे त्यांनी करून दाखवलं. बाईंनी वाकून सगळं पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "ते ढिली कांडी माही होय, भाऊ. पोरीची नाही."

मास्तरणीवर रागवावं तरी कसं? शेवटी ते म्हणाले, "मंग तुमीच बसा इथं." आणि आमच्या बाईंची शिकवणी सुरू झाली. "दाबून धरा. अजून दाबून. आवो बाई, सूत आहे, दोरखंड नाही!" पदर तोंडात कोंबून पोरी हसत होत्या. मी मात्र पाटी घेऊन तशीच उभी होते. जाताना बाबांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "ठेव ते पाटी खाली," ते म्हणाले.

पुढं मी चौथी पास झाले, आणखी शिकले, मास्तरीण झाले. पण मी चौथी व्हायच्या आधीच बाईंची भिवापूरला बदली झाली होती. त्या निघाल्या त्या सकाळी बाबा काखेत लुगडं घेऊन आले.

"तुमची ते ढिली कांडी याच्यात घातली, बाई. हळू हळू विणली. नाही तुटली."

बाईंनी काठावरून हात फिरवला. "एवढं काहून, भाऊ?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आता हे नोका इचारू, बाई."

आणि बाईंनी पुन्हा विचारलं नाही.