राग आणि डबा

“तुज्यावर राग हाय माजा. पन डबा ने, जवल्याची चटनी घातलीय.”

मुरुडच्या मासळी बाजारात मी जिच्याकडून कोळंबी घेते, ती बाई होडीवर निघालेल्या नवऱ्याला हे सगळ्यांसमोर सुनावत होती. तिला न विचारता त्याने घरातलं चांगलं जाळं भावाला देऊन टाकलं होतं. तो डबा घेऊन निघाला, तेव्हा ती मागून ओरडली, “सांजच्याला लवकर ये! आजून भांडाचं हाय!” तो वळून हसला.

ती विळीकडे न बघता मासा कापते आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. मला दोन्ही जमत नाही.

मला तिचा हेवा वाटतो. मला राग आला की मी ‘इट्स ओके’ असा मेसेज टाकते आणि मग आठ-आठ दिवस फोन उचलत नाही. न्हावा शेव्याला नोकरी करणारा माझा मित्र, ज्याच्याशी मला लग्न करायचंय, माझ्या मुलाखतीचा दिवस विसरला. त्यालाही मी तेच पाठवलं. मैत्रिणी मला समजूतदार म्हणतात.

पिशवीत फोन वाजायला लागला. मी त्याचं नाव बघून तो परत आत टाकला.

“उचल की गो बाय,” कोळंबीचा वाटा माझ्या पिशवीत ओतत ती म्हणाली. “रागावलीस त्ये त्याला कलाया नको?”

मी फोन उचलला.

“मला तुझा राग आलाय,” मी भर बाजारात म्हणाले. “रविवारी ये. भांडायचंय.”