ह्यांच्या हाताची वीत

आमच्या घरापुढं रेल्वे स्टेशन आहे, असं सांगितलं की माणूस माझ्या तोंडाकडं बघत राहतो. अख्ख्या शिरूर तालुक्यात रूळ नाही, मग केंदूरला स्टेशन कुठून आलं? पण आहे. अंगणात कढीपत्त्याच्या झाडापासून हौदापर्यंत गोल रूळ टाकलेत, त्यावर बॅटरीचं इंजिन आणि चार डबे, आणि कडेला माझ्या गुडघ्यालाही न लागणारं दौंड जंक्शन. हे सगळं आमच्या ह्यांचं काम. हे दौंडला रेल्वेत गार्ड होते. रिटायर होऊन आम्ही गावी आलो, तेव्हा लोक गाई घेतात तसं ह्यांनी इंजिन घेतलं.

रूळ आणि गाडी तेवढी विकतची. बाकी स्टेशनची इमारत, पूल, सिग्नलची केबिन, पाण्याची टाकी, सगळं हातानं. एक फुटाला अर्धा इंच, हे त्यांचं प्रमाण. कुंभाराकडची माती आणून नखाएवढी कौलं पाडायची, चुलीत भाजायची, आणि चिमट्यानं एकेक कौल लावायचं. एका छपराला दोन-अडीच महिने. सायकलच्या तारांचे सिग्नल केले, औषधाच्या पत्र्याच्या डबीतून नावाची पिवळी पाटी केली. जेवायला दहा हाका मारायच्या, मग हे येणार, हाताला रंग तसाच.

मी ह्या उद्योगाला काय काय नावं ठेवली ते आठवलं की आता जीभ चावावीशी वाटते. मी शिवणकाम करणारी बाई. रेल्वे क्वार्टरमध्ये बावीस वर्षं मशीन चालवली, दौंडच्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज मी शिवलेत. माझं म्हणणं एकच, की हात चालवायचेच आहेत तर कुणाच्या अंगाला लागेल असं काहीतरी करा. ते अंगणातनं ‘ये जरा, बघ तरी’ म्हणायचे. मी म्हणायचे, मला कामं आहेत.

दोन वर्षांपूर्वी सकाळी दाढी करता करता छातीत कळ आली आणि शिक्रापूरच्या दवाखान्यात पोचायच्या आधी हे गेले. गाडीत माझा हात धरून एवढंच बोलले, “क्वार्टर राहिली गं.”

आम्ही राहायचो ती क्वार्टर. दगडी भिंतीची, दोन खोल्यांची. सगळं दौंड बांधून झालं होतं आणि ती शेवटी ठेवली होती. तिची जागा रिकामी आखून ठेवलेली, चार कोपऱ्यांना चार खिळे. आणि खरी क्वार्टर तर आता कुठंच नाही. हे जायच्या आधी सहा महिने ती सगळी ओळ पाडली, नवीन बांधकामाला जागा हवी म्हणून. म्हणजे आमचं घर राहिलं ते फक्त ह्यांच्या वहीत.

वर्षभर मी अंगणात पाऊलसुद्धा टाकलं नाही. झाडायचं तेसुद्धा कडेकडेनं. मुलगा कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला असतो, राहतो दौंडला. तो म्हणायचा, आई, इकडंच ये, एकटी काय करतेस तिथं. खरंच काय करत होते? संध्याकाळी दिवा लावला की घर खायला उठायचं. दोघांचा चहा टाकायची सवय मोडायलाच सहा महिने गेले. माझं भांडणसुद्धा बंद झालं हो, आणि त्याच्यासारखं वाईट काही नाही. मग एक दिवस त्या चार खिळ्यांकडं बघून ठरवलं, की क्वार्टर मी बांधणार. कौलं पाडायचा साचा होता, माती होती, आणि बारीक काम मला कुणी शिकवायला नको. मुलाला म्हटलं, हे घर उभं राहू दे, मग ने मला कुठं न्यायचं तिथं.

वही उघडली आणि तिथंच घोडं अडलं. वहीत सगळी मापं वितीत.

त्याला कारण ह्यांचा स्वभाव. सुरुवातीला हे टेप घेऊन दौंड स्टेशनवर मापं घ्यायला गेले, तर एका वर्दीवाल्या पोरानं हटकलं, कशाला मोजताय, कुणी पाठवलं, चला ऑफिसात. तीस वर्षं ज्या फलाटावर झेंडी दाखवली त्या फलाटावर आपल्याला हात धरून नेलं, हे ह्यांना फार लागलं. घरी आले ते तणतणतच. म्हणाले, “टेप ठिवतो घरी. माझा हात कोण जप्त करतंय बघू.” तेव्हापासून हे प्रवाशासारखे बाकावर बसायचे आणि हळूच अंगठा-करंगळी ताणून वितीनं मोजायचे. खिडकी तीन वीत, दार नऊ वीत. घरी येऊन आपल्याच हातावरून हिशोब करून बांधायचे. त्यांचं त्यांना बरोबर होतं, कारण हात त्यांच्यापाशी होता.

आता ती वीत केवढी? मला ह्या माणसाचं अंग पाठ होतं. गळा साडेपंधरा, छाती अडतीस, बाही साडेतेवीस, मनगट सात. सगळे शर्ट मीच शिवले. पण माणसाची वीत कोणता शिंपी घेतो? मी डोळे मिटून बसले, तो हात आठवून बघितला. बोटांवरचा रंग आठवला, अंगठ्याचं चिरलेलं नख आठवलं, पण केवढा ते येईना. चाळीस वर्षं ज्या हातात पगार, पिशवी, पोरगं सगळं बघितलं, त्या हाताचं माप मला सांगता येईना, ह्याची इतकी लाज वाटली. मुलाला फोन केला. तो म्हणाला, आई, नऊ इंच धर की अंदाजानं, कोण बघतंय. मी फोन ठेवून दिला. अंदाजानं म्हणे. अंदाजानं शिवलेला ब्लाऊज कुणी घालतं का?

तीन-चार दिवसांनी भाकरी करताना डोक्यात आलं, की क्वार्टर पाडली पण स्टेशन तर जागेवर आहे. वहीत फलाटावरच्या बाकाचं माप वितीत आहे, तेच बाक मी टेपनं मोजलं की झालं. दुसऱ्या दिवशी निघाले. केंदूरहून शिक्रापूर, तिथनं न्हावरा, मग चौफुला, गाड्या बदलत दुपारी दौंडला पोचले. फलाटाचं तिकीट काढलं. पाण्याच्या नळाजवळचं दगडी बाक, आठ वीत, असं वहीत होतं. बाकावर एक परप्रांतीय कामगार गाढ झोपलेला. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला. टेप काढली आणि त्याच्या डोक्यापासनं पायाकडं धरली. तो डोळे उघडून बघतो तर एक म्हातारी आपल्याला मोजतीये. ताडकन उठून बसला, हात जोडून विचारायला लागला, की माताजी, मला काय झालंय? मी हसले. किती दिवसांनी हसले असेन. त्याला म्हटलं, काही नाही बाबा, पाय तेवढे वर घे.

चौऱ्याहत्तर इंच. आठानं भागलं, सव्वानऊ. खात्रीसाठी तिकिटाच्या खिडकीची कडा मोजली, तीही सव्वानऊनंच बसली. बाकाच्या कडेला टेकून मी टेपेवर सव्वानऊवर बोट ठेवलं आणि तो एवढा तुकडा मांडीवर पसरून बघत राहिले. एवढा मोठा हात होता. मला रडू आवरेना. समोरनं गाडी निघाली, झेंडी दाखवणारं कुणीतरी दुसरंच होतं.

मुलाकडं जेवून, राहा म्हणत असताना न राहता परत आले आणि कामाला लागले. बाहेरच्या भिंती पंधरा दिवसांत उभ्या राहिल्या. लांबी वीस फूट बसली, म्हणजे माझ्या पाटावर दहा इंच, आणि ती चार खिळ्यांत अशी चपखल बसली की मी स्वतःशीच शाबास म्हणाले. बारशाच्या जुन्या फोटोत मागं भिंत दिसते, तिच्याशी दगडांचे थर जुळले. दगडाच्या रेघा मी सुईनं ओढल्या. दारापुढचा नळ, धुणं वाळायची तार, सगळं झालं. मग आतलं घेतलं.

आतलं बसेना. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, दोन्हींची मापं मांडली तर मिळून बावीस फूट. बाहेरनं घर वीस फूट आणि आतनं बावीस? शिवाय भिंतींची जाडी वेगळीच. असलं घर कुठल्या गावात असतं? पुन्हा मोजलं, पुन्हा मांडलं, उत्तर तेच. माझं डोकं फिरलं. मी रिकाम्या अंगणात उभी राहून ह्यांना बोलले, की मोजायला गेला होता का गप्पा हाणायला? सरळ दोन खोल्या मोजता आल्या नाहीत? शेजारच्या मामींनी कुंपणावरनं डोकावून बघितलं, माझं काही बिनसलंय का म्हणून.

राग उतरला आणि मग भीती वाटली. बाकी सगळ्या दौंडात ह्यांचं एक माप चुकलेलं नाही. मग घराचंच कसं चुकलं? तेव्हाच आतून काही बिघडायला लागलं होतं का? विती मोजताना विसरत होते का, आणि मी ‘मला कामं आहेत’ म्हणत मशीनवर बसले होते का? चार-पाच दिवस मला नीट जेवण गेलं नाही. क्वार्टर तशीच झाकून ठेवली. वाटलं, हे चुकलेलं घर पुरं करण्यापेक्षा मुलाकडं निघून जावं.

ओट्यानं मला वाचवलं. स्वयंपाकाचा ओटा, उंची सव्वाचार वीत, असं वहीत होतं. ह्यांच्या हातानं धरली तर एकोणचाळीस इंच. म्हणजे जवळजवळ माझ्या छातीला. मी जेमतेम पावणेपाच फूट बाई. त्या ओट्यावर बावीस वर्षं भाकरी थापल्या, स्टुलावर उभी राहून थापल्या का? ओटा माझ्या कमरेला लागायचा. दुसरं काही विसरेन, पण ओटा विसरणार नाही. मी आमच्या इथल्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिले, कमरेशी खडूनं खूण केली, आणि टेप शेजारी असताना, कसं कोण जाणे, खाली बसून जमिनीपासनं वर हात टाकत गेले. एक, दोन, तीन, चार. आणि वर पाव.

हात तिथंच भिंतीवर राहिला. मोजणारी मी होते.

मग एकेक करून सगळं आठवलं. आम्ही दौंडला एका साखरपुड्याला गेलो होतो. परतताना ह्यांनी हट्ट धरला की क्वार्टरवरनं जाऊ, पाडायच्या आधी मापं घेऊ. तिथं नवीन लग्न झालेली एक पोरगी एकटीच घरात होती, नवरा ड्यूटीवर. बाई एकटी असताना हे कधी कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेले नाहीत. बाहेरचं सगळं ह्यांनी मोजलं आणि मला म्हणाले, तू आत जा. मी म्हटलं, टेप पिशवीत नाही आणि वितीनं मोजायला मी काय अडाणी आहे का? लोक बघतायत, गाडी चुकेल, असं बरंच बोलले. ते नळापाशी उभे होते, वही उघडून. म्हणाले, “आज मोज. माझ्यासाठी मोज.” मी तणतणत आत गेले, पाच मिनिटांत वीत टाकत सगळं उरकलं आणि खिडकीतनं आकडे ओरडून सांगितले. त्यांनी लिहून घेतले. चौफुल्याची गाडी मिळाली आणि मी ते विसरूनही गेले.

उठून टेपेवर हात ताणला. माझी वीत साडेसात इंच. आतली मापं साडेसातनं धरली आणि दोन्ही खोल्या भिंतींची जाडी धरून त्या वीस फुटांत अशा जाऊन बसल्या की कागदही सरकला नसता. ओटा खिडकीखाली बसला. माणूस शेवटपर्यंत शाबूत होता. एकही आकडा चुकला नव्हता.

क्वार्टर आता जागेवर आहे. मुलगा, सून येऊन बघून गेले, आई तू कमाल केलीस म्हणाले. कधी निघतेस, असंही विचारलं. निघेन.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. दोन हातांची मापं एका वहीत लिहिताना ह्यांनी कुठला आकडा कुणाचा हे का नाही लिहिलं? इतका बारकाईचा माणूस. विचार करून करून मला एकच कारण सापडतं. त्यांना लिहायची गरजच वाटली नसेल. घर बांधायला घेतलं की अंगणातनं मला हाक मारायची, म्हणायचं ये जरा, हात दे इकडं, असं त्यांनी धरलेलं असणार. आणि त्यांनी हाक मारली असती, तर मी म्हणाले असते, मला कामं आहेत.