दंडावरचा खंजीर

फौजेतून कायमचा घरी आलो तेव्हा भिगवण स्टेशनच्या बाहेर माझाच फ्लेक्स उभा होता. डोकं माझं, धड दुसऱ्याच कुणाचं. डोळ्यांवर काळा गॉगल, हातात मी कधी न धरलेली बंदूक, तिरकी मरून टोपी आणि दंडावर पंख फुटलेला खंजीर. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कमांडो सुपुत्राचे हार्दिक स्वागत’. मी कमांडो नव्हतो. मी फौजेत खेचरं सांभाळली. डोंगरावरच्या चौक्यांना त्यांच्या पाठीवरून सामान पोचवलं.

हा पराक्रम माझ्या चुलतभावाचा. आमच्याकडे फौजी निवृत्त होऊन आला की उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक निघते. गुलाल, डीजे, सगळं साग्रसंगीत. त्यासाठी त्यानं बारामतीतून, भरतीची पोरं जिथं बूट घेतात त्या दुकानातून, वर्दीचा नवा शर्ट आणला होता. दंडावर तोच खंजीर शिवून तयार. दुकानात बरेच बिल्ले होते, हाच सगळ्यात भारी दिसला, असं तो कौतुकानं सांगत होता. त्याचंही बरोबरच. इथं क्रिकेटच्या टीमचा, गणपती मंडळाचा, सिक्युरिटीवाल्यांचा बिल्ला लग्नपत्रिकेसारखाच नमुने बघून निवडतात.

माझं डोकं फिरलं. फौजेत दंडावरचं चित्र शोभेला नसतं. त्या खंजिरासाठी पोरं तळपायाची सालटं निघेपर्यंत चालतात, बहुतेक जण अर्ध्यातून परत पाठवले जातात. जे उरतात त्यांतले काही पुढं तिरंग्यातून घरी येतात. न कमावता तो लावणं म्हणजे चोरी, तीही मेलेल्या माणसाच्या घरात. माझ्या बिल्ल्यावर डोंगराची तीन टोकं होती. त्या टोकांखाली हिवाळे काढले की तो आपला होतो, आणि मी ते काढले होते. चुलतभाऊ म्हणाला, गावात कोण एवढं बघतंय? मी म्हटलं, मी बघतोय.

तेव्हा खाटेवरून आबा, म्हणजे माझे वडील, बोलले.

“घाल की. एका दिसाचा तर प्रश्न हाय.”

मग सगळं बाहेर आलं. मी भरती झालो त्या सुमाराला डेअरीवर दूध घालताना कुणीतरी आपल्या फौजदार पोराचं कौतुक चालवलं होतं. आबांनाही राहवलं नाही, त्यांनी माझा कमांडो करून टाकला. एकदा बोललेलं माघारी घेता येईना. कमांडोला त्याच्या कामाचं विचारायचं नसतं, असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं, त्यामुळं सुट्टीत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. माझी सोयरीकसुद्धा त्याच कमांडोवर जमली होती. मी बायकोकडं बघितलं तर ती हसत होती. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या सुट्टीतच तिनं ओळखलं होतं म्हणे.

“कमांडोच्या ट्रंकंला लिदीचा वास येत न्हाय,” ती म्हणाली, आणि ब्लेड घेऊन तिनं त्या नव्या शर्टावरचा खंजीर उसवायला घेतला.

खंजीर लावून मिरवलो असतो तर ज्या माणसांना मी वर रॉकेल पोचवलं त्यांच्याशी बेइमानी झाली असती. न लावावा तर म्हाताऱ्याचा शब्द अख्ख्या गावासमोर खोटा पडणार. मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती, पण दयेपोटी मी काही खंजीर लावणार नव्हतो. मी शेवटच्या सुट्टीवर होतो, पेन्शन सुरू व्हायला आठवडा बाकी होता, म्हणजे वर्दीवर अजून माझा हक्क होता. सकाळी मी माझा जुना, कॉलर विरलेला शर्ट घातला. तीन टोकांचा बिल्ला हातानं दाबून नीट बसवला.

जीपमध्ये आबा फेटा बांधून शेजारी उभे राहिले. चौकात माईकवाल्यानं ‘आपल्या मातीतला कमांडो’ असं सुरू केलं, तसा मी त्याच्या हातातला माईक घेतला. मी कमांडो नाही म्हणून सांगितलं, काय होतो तेही सांगितलं. मागं कुणीतरी खिदळलं.

“हसा की,” मी म्हणालो. “ढगामुळं हेलिकॉप्टर येत नव्हतं, तवा वर कमांडोच बसले हुते. त्यांचा स्टोव्ह माझ्या खेचरानं न्हेलेल्या रॉकेलवर पेटत हुता. मला ह्याची लाज न्हाय. तुमाला वाटत असंल तर गुलाल पुसून घरी जावा.”

कुणी गेलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. डीजेवाल्याला काय करावं सुचेना, त्यानं पुन्हा गाणं लावलं आणि जीप हलली. घरी आल्यावर आबा फेटा खुंटीला अडकवून एवढंच म्हणाले, की मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस.

“तुमी बोललेलं खोटं मी निभावणार न्हाय आबा. तुमच्यासाठी बी न्हाय,” मी म्हणालो.

आजही मी तेच बोलेन. त्यानंतर आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. डेअरीवर जाणंही बंद केलं. दूध बायको घालून येऊ लागली.

पुढं इंदापूरचे पाव्हणे आले, लांबचे, त्यांना चौकातलं काही माहीत नव्हतं. चहा पिताना त्यांनी आबांना विचारलं, कमांडो पोरगा आला म्हणं? बायको दारातच थांबली. आबांनी कप खाली ठेवला. मी बोलायच्या तयारीत बसलो होतो, पुन्हा भांडण झालं तरी चालेल म्हणून.

“त्यालाच इचारा,” आबा म्हणाले.

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ओझं दोन्ही अंगांना सारखं कसं बांधायचं, बर्फाखाली गेलेली वाट जनावर कसं हुडकतं. मला वाटलं आबा उठून जातील. पण ते खाटेवरच बसून राहिले. आयुष्यभर बैलं राखलेला माणूस. पाव्हणे तंबाखू मळायला लागले तेव्हा खाली बघतच आबांनी विचारलं,

“थंडीत त्यास्नी पांघरूण काय घालायचा?”

एवढ्या नोकरीत आबांनी माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

“झूल, आबा,” मी म्हणालो. “आदी त्यास्नी, मग आमाला.”